निळ्या ठिपक्याचं यकृत

६ जानेवारी

अखेर स्कॅनर आला. पाच महिने पाठपुरावा केला, चौदा अर्ज केले आणि वस्तू निघाली बुटांच्या खोक्याएवढी. मामांनी खोक्यावरचं ‘काच, जपून’ मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, “जपून? आम्ही इथे दुसरं काय करतो?” मामा म्हणजे आमच्या विभागाचे तंत्रज्ञ. आजारी अवयवाचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे केसापेक्षा पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि काचेवर चिकटवायचे, हे काम ते सदतीस वर्षं करताहेत. माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठे, पण डीनसाहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे मामाच.

आजपासून ही वही लिहायची असं ठरवलंय. विकृतिशास्त्र शिकवायची पद्धत कशी बदलली असं पुढे कुणी विचारलंच, तर नोंद असावी. विचारेल कोण, हा प्रश्न वेगळा.

आत्तापर्यंतची पद्धत अशी: एकसष्ट मुलं, वीस सूक्ष्मदर्शकं, त्यातल्या सातांचे दिवे लागत नाहीत. शिकवणीची एक लाकडी पेटी, तिला साठ खाचा, प्रत्येक खाचेत एक काच. मुलं रांगेत उभी राहतात. मी म्हणतो, “ते जांभळं दिसतंय ना, तो रोग.” मुलगा “हो सर” म्हणतो आणि प्रत्यक्षात स्वतःच्या पापणीचे केस बघत असतो. चोवीस वर्षं मी मुलांना त्यांच्या पापण्या दाखवल्या.

आता पेटीतल्या साठही काचा स्कॅन करायच्या. प्रत्येकाच्या फोनवर तेच चित्र, दोन बोटांनी हवं तेवढं मोठं करा. दर आठवड्याला वीस प्रश्नांची चाचणी. प्रणाली माझ्या भाच्याने केली आहे. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि सख्ख्या मामाचं, म्हणजे माझं, काम म्हणून नाही म्हणू शकला नाही.

आमच्या मामांनी मात्र एक विचारलं. “सर, पेटीतल्या काचा फार जुन्या झाल्यात. कोठीत ठोकळे पडलेत ढीगभर. एकेका आजाराचे दहा-दहा पेशंट निघतील. नवीन काप करून देऊ का?”

मी म्हटलं, “कशाला? पेटीतली एकेक काच माझ्या सरांनी निवडलेली आहे. अशी उदाहरणं परत मिळायची नाहीत.”

“बरं,” मामा म्हणाले. मामांचे ‘बरं’ तीन-चार प्रकारचे असतात. हा त्यातला पटलेलं नाही असं सांगणारा होता.

९ जानेवारी

बत्तीस काचा झाल्या. यकृताची काच हातात आल्यावर जरा थांबलो. तिच्यावर सरांनी दौतीच्या शाईने दिलेला निळा ठिपका अजून आहे. परीक्षकाला रोगाची जागा चटकन सापडावी म्हणून तो दिलेला. मामांनी कापूस भिजवून विचारलं, “पुसू का?” म्हटलं, राहू द्या, सरांची आठवण आहे. मामांनी कापूस बाजूला ठेवला. मूत्रपिंडाच्या काचेचा कोपरा तुटलाय, फुफ्फुसाच्या काचेत कुणाचा तरी केस अडकलाय. पडद्यावर सगळं स्वच्छ दिसतं. तंत्रज्ञानाची कमाल आहे, केससुद्धा सुटला नाही.

१५ जानेवारी

माळ्यावरची पिशवी काढायला आई स्टुलावर चढली आणि पडली. पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. वय एकोणऐंशी. “स्टुलावर कशाला चढलीस?” असं विचारलं तर म्हणे, “जमिनीवरून हात पोचत नव्हता.” बायको दिवसभर शाळेत शिकवायला, मी कॉलेजात. तिला विरंगुळा म्हणून माझा टॅब्लेट दिलाय.

२० जानेवारी

पहिली चाचणी. सरासरी वीसपैकी बारा! पूर्वीच्या बॅचमध्ये जानेवारीत ज्याला अकरा पडत तो हुशार समजला जाई. इथे अख्खा वर्ग त्याच्या पुढे. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती वह्या तपासत होती. म्हणाली, “दोन आठवड्यांत? माझी मुलं दोन आठवड्यांत शाईच्या रंगाशिवाय काही शिकत नाहीत.” शाळेतल्या लोकांना सगळी मुलं आपल्या वर्गातल्यासारखीच वाटतात.

२७ जानेवारी

सरासरी पंधरा. मागच्या बाकावरच्या एका पोराने चित्र पूर्ण उमटायच्या आत ‘यकृत, तंतुमयता’ असं बरोबर उत्तर दिलं. मी त्याची पाठ थोपटली.

एकच मुलगी मागे पडतेय. मुलं तिला गोगलगाय म्हणतात. तीही ऐकून घेते. मागच्या वेळी अकरा, या वेळी दहा. बाकीच्यांची वीस उत्तरं देऊन होतात, ही अजून चौथ्या चित्रात असते. उत्तराखालच्या मोकळ्या जागेत काहीबाही लिहिते. आज लिहिलं होतं, “केंद्रकं मोठी वाटतात, पण सगळीकडे नाहीत. कडेला बरी आहेत. नक्की सांगता येत नाही.” नक्की सांगता येत नसेल तर लिहायचं कशाला?

३ फेब्रुवारी

सरासरी सतरा. डीनसाहेब स्वतः विभागात आले. फोनवर चित्र मोठं-लहान करून बघितलं, मग नुसतंच मोठं-लहान करत बसले. म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही तर कॉलेजचं नाव काढलंत.” सहा मार्चला विद्यापीठाच्या परिषदेपुढे प्रात्यक्षिक ठेवायचं ठरलं. सूक्ष्मदर्शकं कोठीत जाणार, त्या खोलीत संगणकाची टेबलं येणार. परिषदेला पटलं तर इतर कॉलेजांतही माझी पद्धत लागू होईल. इतकं बरं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं, हे इथे लिहायला हरकत नाही.

भाच्याने आकडे पाठवले. एका चित्राला सरासरी आठ सेकंद. चित्र मोठं करून बघायची गरज बहुतेकांना पडतच नाही, इतकी त्यांची नजर तयार झाली आहे. गोगलगायीला एका चित्राला चार मिनिटं लागतात आणि ती ते सत्तावीस वेळा मोठं-लहान करते. भाच्याला सांगितलं, प्रत्येक चित्राला तीस सेकंदांची मर्यादा घाल. तेवढाच तिला वेग येईल.

मामा सूक्ष्मदर्शकं कापडात गुंडाळत होते. चेहरा असा, जणू पाहुणे निघालेत आणि त्यांना अजून चहा विचारलेला नाही.

१० फेब्रुवारी

सरासरी अठरा. गोगलगाय पाच. तासानंतर थांबवून घेतलं.

“काय झालं? घाबरतेस का?”

“नाही सर. मी कडेपासून बघायला सुरुवात करते. मध्यापर्यंत पोचायच्या आत चित्र जातं.”

“मग मधूनच सुरुवात कर.”

“पण सर, रोग मध्येच असेल असं कशावरून?”

पुस्तकी प्रश्न आहे. काही मुलांना वादच घालायचा असतो. अभ्यास वाढव असं सांगितलं.

१२ फेब्रुवारी

आज हसून हसून पोट दुखलं. आई माझी चाचणी सोडवते! टॅब्लेटवर तिला चित्रं सापडली आणि तिला ती नक्षीची चित्रं वाटली. उत्तर चुकलं की प्रणाली बरोबर उत्तर दाखवते, त्यामुळे तिला खेळ जमला. आज तिला वीसपैकी चौदा. ‘मूत्रपिंड’ म्हणताना कवळी हलते, पण उत्तर बरोबर. जी बाई सातवीनंतर शाळेत गेली नाही तिला माझी पद्धत चौदा गुण मिळवून देते. आणखी काय पुरावा हवा?

१७ फेब्रुवारी

गोगलगाय: चार. पाच चाचण्या मिळून शंभरपैकी एक्केचाळीस. निम्म्याच्या खाली असेल तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही, वर्ष जातं. अशा मुलांची यादी अठ्ठावीसला डीनसाहेबांच्या कार्यालयात द्यायची आहे. यादीत एकच नाव असेल. नियमाप्रमाणे तिच्या वडिलांना पत्र पाठवलं. तिला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “सर, मर्यादा काढून एकदा घ्याल का?” एकीसाठी एक आणि साठ जणांसाठी दुसरा, असा नियम कसा करणार? नाही म्हणालो. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी समजुतीचं बोलता आलं असतं.

१९ फेब्रुवारी

वडील भेटायला आले. घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. घड्याळजीची मुलगी वेळेत नापास, असा विनोद मनात आला आणि नशीब, मनातच राहिला. पत्राची घडी उघडून टेबलावर ठेवली, हाताने सपाट केली.

“ती घरीही हळूच आहे सर. चूक माझीच. लहानपणापासून दुकानात माझ्याजवळ बसायची. घड्याळ उघडलं की आधी नुसतं बघायचं, हात लावायचा नाही, असं मी शिकवलं तिला. सगळं फिरताना दिसतं. जे फिरत नाही ते मग आपोआप कळतं.”

म्हटलं, इथे तेवढा वेळ नसतो. ते म्हणाले, “वर्ष वाया जाईल का?” मी म्हणालो, एका वर्षाने काही बिघडत नाही, पाया पक्का होईल. त्यांनी मान हलवली, पत्र पुन्हा घडी घालून खिशात ठेवलं. जाताना माझ्या भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं मागे आहे असं सांगून गेले.

२० फेब्रुवारी

आईला अठरा! वीसपैकी अठरा! वर्गाच्या सरासरीइतके. चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. डीनसाहेब तर एवढे खूश की म्हणाले, “आईंनाच आणा प्रात्यक्षिकाला. परिषदेचे लोक बघतच राहतील.” प्लास्टर एक तारखेला निघतंय, जमेल. मामा चहा ढवळत होते. “आजींना काय विचारलं होतं सर? पेटीतल्याच काचा?” “मग दुसऱ्या कुठल्या?” मी म्हटलं. “बरं,” म्हणाले.

२४ फेब्रुवारी

हे नीट लिहितो.

प्रात्यक्षिकाची तयारी म्हणून संध्याकाळी आईजवळ बसलो. म्हटलं, परिषदेचे लोक विचारतील की कसं ओळखलंत, तर काय सांगशील?

आईने चष्मा पुसला. टॅब्लेट जवळ घेतला.

“हे यकृत. निळा ठिपका आहे.”

“ते झालं. पण कशावरून?”

“अरे, ठिपक्यावरून. हे मूत्रपिंड, याचा कोपरा तुटलाय. हे फुफ्फुस, केस अडकलेलं. ही गलगंडाची गाठ, हिचा रंग विटलाय, जुन्या परकरासारखा. या दोघांत आधी गोंधळ व्हायचा, पण या एकाच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखं आहे. ते आतडं.”

“आणि पेशी? पेशी बघतेस ना?”

“त्या कुठायत?” आईने विचारलं.

मी हसायला लागलो आणि मध्येच थांबलो. आठ सेकंद. चित्र उमटायच्या आत उत्तर. मोठं करून बघायची गरज नाही. त्या पोराची मी पाठ थोपटली होती.

आई म्हणाली, “का रे, चुकलं का? अठरा दिलेत त्याने.”

“नाही आई, तुझं बरोबरच आहे,” मी म्हटलं.

२५ फेब्रुवारी

सकाळी सातला कॉलेज. मामा आधीच आलेले होते. म्हटलं, “मामा, कोठीतले ठोकळे. पेटीतलेच आजार, पण दुसरे पेशंट. दहा काचा किती वेळात होतील?”

मामांनी कारण विचारलं नाही. “दुपारपर्यंत,” म्हणाले. त्या कोठीत चाळीस वर्षांचे ठोकळे आहेत, आणि कुठल्या फळीवर काय आहे हे त्यांच्या बोटांना पाठ आहे.

काप पाण्यावर तरंगत होते तेव्हा विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“सर, सदतीस वर्षं मी ती पेटी पुसतोय. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं येतात. मामा, ठिपकेवाली कुठल्या खाचेत आहे? मामा, कोपरा तुटलेली म्हणजे मूत्रपिंडच ना? दर वर्षी.” त्यांनी काप अलगद काचेवर उचलून घेतला. “तुम्हीपण विचारलं होतंत.”

मला आठवत नव्हतं. मग आठवलं. मी वीस वर्षांचा, मामा नुकतेच लागलेले, या खोलीचं दार. तोंडी परीक्षेत मला यकृत आलं होतं आणि मी फडाफडा उत्तर दिलं होतं. सर म्हणाले होते, “नजर आहे तुला.” त्या एका वाक्यावर मी हा विषय घेतला. नंतर शिकलो, खरं शिकलो, हजारो काचा बघितल्या, पण सुरुवात त्या ठिपक्यानेच झाली. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही.

“मग बोलला का नाहीत मला?”

“बोललो की. सहा जानेवारीला.” मामांना तारीखसुद्धा पाठ.

दुपारी वर्गात न सांगता चाचणी घेतली. दहा नवी चित्रं, वेळेची मर्यादा नाही. आधी पंधरा-वीस सेकंदांत बोटं थांबली. मग कुजबुज. तो मागच्या बाकावरचा म्हणाला, “सर, चित्रं चुकीची आली आहेत.” सरासरी दहापैकी तीन. गोगलगाय शेवटपर्यंत बसून राहिली, पाऊण तास. तिला आठ. चुकलेल्या दोनांच्या खाली तिने लिहिलं होतं की हे दोन आजार मला अजून वेगळे करता येत नाहीत. ते दोन वेगळे करायला मलाही जड जातं.

हिला मी ढ ठरवलं होतं.

२७ फेब्रुवारी

काल डीनसाहेबांकडे गेलो नाही. दिवसभर काही ना काही काम काढलं, टेबलाचे खणसुद्धा आवरले. आज गेलो.

सगळं सांगितलं. पाचही चाचण्यांचे गुण रद्द करायचे, यादी कोरी, परीक्षेआधी नव्या चित्रांवर पुन्हा चाचण्या, सूक्ष्मदर्शकं परत, प्रात्यक्षिक रद्द. साहेबांनी शांतपणे ऐकलं, मग उठून दार लावलं.

“डॉक्टर, सहा तारीख होऊ द्या. निमंत्रणं गेली आहेत. त्यानंतर सावकाश बदला काय बदलायचं ते. तुमच्या पद्धतीत थोडी सुधारणा, एवढंच म्हणू.”

“यादी उद्या द्यायचीय.”

“मग द्या. एक मुलगी आहे. नियमात बसते. तुम्ही गुण रद्द केलेत तर साठ मुलांचे पालक दारात उभे राहतील. त्यांना काय सांगणार? तुमचा अठरा खोटा आहे?”

“हो,” मी म्हटलं.

“विचार करा. पाच वाजेपर्यंत सांगा.”

खरं लिहायचं तर मी विचार केला. साहेबांचं ऐकायच्या बाजूनेच केला. सहा तारखेनंतर सगळं दुरुस्त करता येईल, ती मुलगी हुशार आहे, पुढच्या वर्षी पहिली येईल, परिषदेने एकदा मान्य केलं की नव्या काचांसाठी सोयी मिळतील, शेवटी सगळ्यांचं भलंच. कारणं एकापाठोपाठ एक येत गेली, आठ-आठ सेकंदांत. जिना उतरून मी विभागात आलो. भिंतीवरचं घड्याळ बघितलं तर पाचला दहा कमी. मग आठवलं की ते सहा मिनिटं मागे आहे. पुन्हा जिना चढलो, धावतच.

गुण रद्द करायचा अर्ज साहेबांच्या टेबलावर हाताने लिहिला. साहेब वाचून म्हणाले, “तुमच्या आईंना काय सांगणार?” मी म्हटलं, तिनेच तर दाखवून दिलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी सही केली आणि पेन जरा जोरातच बंद केलं.

२ मार्च

पालक आले. बारा जण. दोघांनी माझ्या निवृत्तीला किती वर्षं राहिली ते विचारलं. स्टाफरूममध्ये माझं नाव ‘ठिपका’ पडलंय, शिपायालाही माहीत आहे. संगणक समितीतून नाव काढलं. सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं की मला त्याचं इतकं वाईट वाटलं.

वर्गात मात्र मी स्वतःच सांगितलं, माझा ठिपकाही सांगितला. मग मागच्या बाकावरचा म्हणाला, “म्हणजे सर, तुम्हीपण?” त्यानंतर सगळेच हसले, मीही.

८ मार्च

मामा आणि मी रोज पंधरा काचा करतो. ते कापतात, मी स्कॅन करतो. प्रत्येक आजाराचे किमान आठ पेशंट, दर वेळी वेगळा. भाच्याने मर्यादा काढून टाकली. आता आजाराचं नाव विचारायच्या आधी एक मोकळी जागा येते: काय दिसतंय ते लिहा. ती कल्पना माझी नाही. एक मुलगी जानेवारीपासून ते करत होती.

सकाळी सूक्ष्मदर्शकांवर तीच काच, दुपारी फोनवर. बंद पडलेल्या सातांपैकी पाचांचे दिवे मामांनी लावले. “कापडात गुंडाळताना बघून ठेवलं होतं,” म्हणाले.

आईला नवी चाचणी दिली. पहिल्या दिवशी शून्य. चिडली. “माझा खेळ बिघडवलास!” चार दिवस टॅब्लेटला हात लावला नाही. आज बघतो तर चित्र एवढं मोठं केलेलं आणि नाक काचेला टेकलेलं. “हे जांभळे गोल एका रांगेत असायला हवेत ना रे? इथे रांग मोडलीय.” वीसपैकी चार. मला म्हणाली, “चारच आले. पण चारही बघून आले.”

मग जरा वेळाने म्हणाली, “तू रोज हे करतोस?” चोवीस वर्षांत तिने माझ्या कामाबद्दल पहिल्यांदाच विचारलं.

२४ मार्च

अंतिम परीक्षा. बाहेरचे परीक्षक स्वतःच्या काचा घेऊन आले होते. एकसष्टपैकी चव्वेचाळीस पास. गेल्या वर्षी पन्नास होते. साहेबांनी दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून पाठवले आहेत, बाकी एक शब्द नाही. सतरा मुलं सहा महिन्यांनी परत बसतील. त्यांचे सुरुवातीचे दोन महिने मी वाया घालवले, ते माझ्या खात्यावर.

मागच्या बाकावरचा पास झाला, काठावर. घड्याळजींच्या मुलीला परीक्षकांनी चाळीस मिनिटं समोर बसवून ठेवलं. बाहेर येऊन ते मला म्हणाले, “तिने एक गोष्ट दाखवली जी माझ्या काचेत मला माहीत नव्हती.” मी नुसतं हो म्हटलं.

या वहीची पहिली पानं आज पुन्हा वाचली. सगळं लिहिलेलं आहे. कापूस बाजूला ठेवलेला, चित्र उमटायच्या आत आलेलं उत्तर, मामांचा ‘बरं’. सगळं माझ्याच अक्षरात, आणि मी ते बघितलं नाही.

संध्याकाळी ती सूक्ष्मदर्शकावर कापड घालत होती. तिला विचारायचं किती दिवस मनात होतं. इतकी बारीक नजर असलेल्या मुलीला तो ठिपका दिसला कसा नाही, हेच मला कळत नव्हतं.

“यकृतावरचा निळा ठिपका तुला दिसत नव्हता का गं?”

“दिसत होता की सर. पहिल्याच दिवशी दिसला.”

“मग?”

तिने कापडाची गाठ मारली. “पण तो पेशंटचा नव्हता ना.”

मी मान हलवली. मग आम्ही दोघांनी मिळून उरलेल्या सूक्ष्मदर्शकांवर कापडं घातली.